लाल गोळीमागची बाई

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बचत गटाच्या कामासाठी पूर्णा तालुक्यातल्या एका गावात गेले होते. बैठक संपली, चहा झाला आणि हात धुवायला म्हणून मी मागच्या दारी गेले. तिथं उकिरड्याच्या कडेला पावसात भिजून रंग सुटलेल्या लाल गोळ्या पडलेल्या. एक-दोन नाही, चांगल्या मूठभर. घरातली धाकटी सून सहा महिन्यांची गरोदर. आशाताई दर महिन्याला गोळ्या आणून देत होत्या आणि ही पोरगी नेमानं त्या मागच्या दारी टाकत होती. विचारलं तर खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसली. सासूबाईच बोलल्या. गोळ्यांनी मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि लेकरू पोटात लई मोठं झालं तर सिझर करावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण आला नाही. कारण २००३ साली माझ्या पहिल्या बाळंतपणात मीही काही वेगळी नव्हते. चार पायऱ्या चढले की धाप लागायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची, ओठ पांढरेफटक पडले होते. दिवस गेले की असं होतंच, हे घरातल्या सगळ्या बायकांचं मत. दवाखान्यात तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी आकडा हलेना. शेवटी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत माझ्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुमच्या तांबड्या पेशी कमी तर आहेतच, पण आकारानं नको इतक्या मोठ्या आहेत. आणि मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही जेवता काय?

हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेली भाकरी, वर लाल चटणी आणि दोन वेळा चहा. मळमळतं म्हणून भाजी तर मी सोडूनच दिली होती. औषध बदललं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि आठव्या महिन्यात माझी लेक जन्माला आली, पावणेदोन किलोची. वाचली.

पुढं १० मे २०१९ रोजी याच लेकीनं मला तिच्या मोबाईलवर एक चित्र दाखवलं. गूगलनं एका बाईंच्या १३१ व्या जन्मदिनी काढलेलं. नाव होतं लूसी विल्स. त्यांनी मुंबईत येऊन गरोदर बायकांच्या रक्ताचा अभ्यास केला, एवढंच त्या दिवशी कळलं. मग मी मिळेल तिथून त्यांच्याबद्दल वाचत गेले. वाचलं आणि वाटलं, की या बाई आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. कारण माझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलेला तो प्रश्न त्यांच्या आधी पंचाहत्तर वर्षं लूसीबाईंनी मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांना विचारला होता.

लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. वडील विज्ञान शिकलेले, आजोळ डॉक्टरांचं. मुलींनी शिकावं असं वाटणारी ती माणसं. चेल्टनहॅमच्या मुलींच्या नामांकित शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या शिकल्या. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. अभ्यास झाला, परीक्षा झाली, पण पदवी काही मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. ती द्यायला त्यांनी १९४८ साल उजाडू दिलं! आपल्याकडचेच लोक बायकांच्या शिक्षणाला नाकं मुरडत होते असं नाही, हे वाचून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

१९११ मध्ये वडील गेले. दोन वर्षांत मोठी बहीणही गेली, ऐन पंचविशीत. लूसीबाई आईला घेऊन श्रीलंकेला जाऊन आल्या, पुढच्या वर्षी भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तिथं असतानाच १९१४ चं पहिलं महायुद्ध पेटलं. केपटाउनच्या एका इस्पितळात त्यांनी काही आठवडे परिचारिका म्हणून काम केलं. घरी परतल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. डॉक्टर झाल्या १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आपल्याकडं या वयात बाईला आता काय शिकायचं राहिलंय, असं म्हणतात.

याच महाविद्यालयाशी आपलंही एक नातं आहे. भारतातल्या कितीतरी मुली तिथं शिकायला जात. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, बेने इस्रायली घराण्यातल्या डॉ. जेरुशा झिराड त्याच काळात तिथं होत्या. १९१९ साली लंडनची एम.डी. घेऊन त्या परतल्या आणि पुढं मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या.

डॉक्टर झाल्यावर लूसीबाईंनी स्वतःचा दवाखाना थाटला नाही. त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडं. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये गरोदर बायकांच्या शरीरात काय काय बदल होतात याचा अभ्यास त्या करू लागल्या. तेवढ्यात भारतातून बोलावणं आलं. इथं बाळंतपणात बायका फार दगावत होत्या. त्याची कारणं शोधण्याचं काम डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी हाती घेतलं होतं. त्यांनी लूसीबाईंना बोलावलं आणि १९२८ मध्ये चाळिशीच्या लूसीबाई मुंबईत दाखल झाल्या. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

मुंबईत त्यांचं ठिकाण होतं परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या लसीसाठी नावाजलेली. आजूबाजूला कापड गिरण्या, चाळी आणि गिरणीत राबणाऱ्या बायका. यांतल्या कितीतरी जणी गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या, अंगावर सूज यायची, धाप लागायची आणि बाळंतपणाच्या आगेमागे त्या दगावायच्या. त्यांचं रक्त तपासलं की तांबड्या पेशी निम्म्याहूनही कमी आणि ज्या आहेत त्या मोठाल्या. डॉक्टर लोकांना हा आजार माहीत होता, पण तो का होतो आणि बरा कसा करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथं जरा थांबून रक्ताचं थोडं समजून घेऊ. आपल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे नव्या पेशी रोजच्या रोज तयार व्हायलाच लागतात. आता भाकरीचं पीठ डोळ्यांपुढं आणा. पीठ मळलं, पण त्याचे गोळे तोडायला कुणी नाही. मग काय होईल? चार-दोन भलेमोठे गोळे होतील, पण घरच्या सगळ्यांना भाकरी पुरायची नाही. या आजारात पेशींचं तसंच होतं. पेशी वाढते, पण वेळेवर दुभंगत नाही. म्हणून मोठ्या पेशी, त्याही मोजक्याच आणि लवकर मोडणाऱ्या. लोह कमी पडलं तर याच्या उलट, म्हणजे पीठच अपुरं. पेशी बारीक आणि फिक्या होतात. दोन्ही बायका वरून सारख्याच पांढऱ्या दिसतात, आपण दोघींनाही रक्त कमी आहे असंच म्हणतो. पण दोघींचं दुखणं एक नाही. ते कळतं काचपट्टीवरच.

लूसीबाईंपुढं पहिली शंका होती जंतूंची. घाणीतून, पोटातून एखादा जंतू शिरत असेल का? त्यांनी तपासून पाहिलं, तसं काही सापडलं नाही. मग त्या प्रयोगशाळेतून उठल्या आणि बायका राहतात कशा, खातात काय, याच्या मागं लागल्या. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत मेहता आणि तळपदे ही इथलीच मंडळी होती. १९३० साली छापलेल्या अहवालांवर त्यांची नावं लूसीबाईंच्या नावाशेजारी आहेत. त्यांतला एक अहवाल तर मुंबईच्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांच्यावरच आहे.

त्यातून चित्र स्वच्छ झालं. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या ताटात जितका फरक, तितकाच त्यांच्या रक्तात. गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांचा आहार सगळ्यात निकृष्ट होता आणि हा आजारही त्यांनाच सगळ्यात जास्त होता. दोष जातीधर्माचा नव्हता, तो रिकाम्या ताटाचा होता. चांगलंचुंगलं खाणाऱ्या घरांत हा आजार क्वचितच दिसायचा.

पण ताटात नेमकं कमी काय? अशक्त रक्तावर एक उपाय तेव्हा नुकताच सापडला होता. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं की रोज भरपूर कलेजी खाल्ली की असाच दिसणारा, माणसाला हमखास मारणारा एक आजार बरा होतो. या शोधाला १९३४ चं नोबेलही मिळालं. कलेजीच्या अर्काचा गुण मुंबईच्या बायकांनाही येत होता. पण तो अर्क महाग. गिरणीत राबणाऱ्या बाईला तो कुठून परवडणार? आणि ज्या घरात मटण शिजतच नाही, तिथं कलेजीचं नाव कुणी काढायचं?

मग लूसीबाईंनी उंदरांवर प्रयोग केले. गरीब बायकांसारखाच आहार उंदरांना दिला, तर तेही फिके पडून दगावू लागले. आहारात यीस्ट मिसळलं तर वाचू लागले. लूसीबाईंना वाटलं, सापडलं! पण पुढं लक्षात आलं की उंदरांना उवांमधून होणारा एक वेगळाच आजार जडला होता आणि त्यानं सगळा हिशेब बिघडवला होता. इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर पाणी. दुसरी एखादी खचली असती. लूसीबाईंनी माकडांवर प्रयोग सुरू केले. त्यांतलं एक माकड अगदी शेवटच्या घटका मोजत होतं. त्याला त्यांनी मार्माइट दिलं आणि ते उठून बसलं, असं सांगतात.

मार्माइट म्हणजे काय, तर बिअर करताना उरलेल्या यीस्टपासून केलेला काळपट, खारट, घट्ट पदार्थ. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात. तिकडच्या घराघरात असणारी साधी, स्वस्त वस्तू. लूसीबाईंनी तेच मार्माइट मुंबईच्या आजारी बायकांना द्यायला सुरुवात केली. आणि काही दिवसांतच काचपट्टीवर नव्या, तरुण पेशी दिसू लागल्या. तोंडावर रंग आला, सूज उतरली, ज्या उठू शकत नव्हत्या त्या हिंडू-फिरू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे सगळं लिहून जगापुढं ठेवलं.

मला या ठिकाणी नेहमी थांबायला होतं. त्या बायकांचं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही. पण त्यांनी बोट पुढं करून रक्त दिलं, आपण काय खातो ते सांगितलं, परक्या बाईच्या हातचा तो काळा पदार्थ विश्वासानं खाल्ला. त्या अनाम मुंबईकरणींमुळं पुढं जगभरातल्या आया वाचल्या.

१९२८ ते १९३३ ही वर्षं लूसीबाई बहुतेक भारतातच होत्या. मुंबईखेरीज त्यांनी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि मद्रासच्या बायकांच्या इस्पितळातही काम केलं. १९३७ च्या नोव्हेंबरात त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. या वेळी पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, ठिकठिकाणी थांबत, पाच दिवसांचा प्रवास करून कराचीपर्यंत. याच सुमारास त्यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढं आली. कलेजीचा साधा, गाळीव नसलेला अर्क या बायकांना लागू पडतो, पण खूप शुद्ध केलेला अर्क पडत नाही! म्हणजे शुद्ध करताना कामाची वस्तूच निघून जात होती. ती वस्तू कोणती, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिला नाव पडलं विल्स घटक.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव फोलिक ॲसिड. विल्स घटक तो हाच. पुढं चारेक वर्षांत तो प्रयोगशाळेत तयारही करता येऊ लागला आणि ते काम ज्या गटानं केलं त्याचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे मुंबईत सुरू झालेला शोध एका भारतीय माणसाच्याच हाताखाली गोळीच्या रूपात आला.

लूसीबाई तोवर लंडनला परतल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडत होते. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या इस्पितळावरही बॉम्ब पडला, माणसं गेली, काही दिवस काम बंद पडलं. त्या तिथंच राहिल्या. युद्ध संपेपर्यंत प्रयोगशाळेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली होती. रॉयल फ्रीमधला रक्तविकारांचा पहिला विभागही त्यांनीच उभा केला. निवृत्तीनंतरही स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी अशा लांबच्या बेटांवर जाऊन तिथल्या लोकांच्या आहाराचा आणि रक्ताचा अभ्यास करत राहिल्या. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या.

लग्न त्यांनी केलं नाही. डोंगर चढायची आवड, बर्फावर घसरत लांबलांब जायची आवड. कामावर जायच्या सायकलनं. एवढी मोठी डॉक्टर, पण दिखावा नाही. नोबेल त्यांच्या वाट्याला आलं नाही. २६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याचा जन्मदोष फोलिक ॲसिडनं बऱ्याच अंशी टाळता येतो, हे १९९१ साली नक्की झालं. ते बघायला त्या राहिल्या नव्हत्या.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडं वळू या. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे बचत गटात दहा जणी बसल्या असतील, तर त्यांतल्या पाच-सहा जणी. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, बाळंत झाल्यावरही १८० दिवस. गोळीनं मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी, शौचाला काळी होते त्याला घाबरू नये. चहा मात्र गोळीच्या आगेमागे नको, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि लेकरू फार मोठं होईल ही भीती तर सोडूनच द्या. गोळीनं वजन वाढतं ते अशक्त बाळाचं, ते वाढायलाच हवं.

गोळ्या नेमानं घेऊनही आकडा वाढत नसेल तर गप्प बसू नका. रक्ताच्या संपूर्ण तपासणीच्या कागदावर एम.सी.व्ही. नावाची एक ओळ असते. ती तांबड्या पेशीचा आकार सांगते. ८० ते १०० च्या मधे असेल तर बरं. खाली असेल तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता, वर असेल तर फोलिक ॲसिड किंवा बी १२ ची शंका. त्यात बी १२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेत राहणं बरं नाही, म्हणून औषध मनानं घेऊ नका. पण त्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? मला २००३ मध्ये हे माहीत असतं, तर माझे तीन महिने वाया गेले नसते.

आणि ताटाचं काय? मार्माइट आपल्या गावात कुठून मिळणार? पण मेथी, पालक, चुका, तांदूळजा आहेतच. फोलिक ॲसिड फार शिजवलं की नासतं, भाजी उकडून पाणी फेकलं की त्या पाण्याबरोबर जातं. आपल्या आज्या हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा, मेथीचा कच्चा घोळाणा करायच्या, वर शेंगदाण्याचा कूट आणि तेल. त्यांना लूसी विल्स माहीत नव्हत्या, पण घोळाणा माहीत होता! शिवाय आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये परभणी शक्ती हा ज्वारीचा वाण आला, त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. भाकरी तर आपण रोजच खातो, मग तीच का नाही?

त्या गावात मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. या वेळी सुनेला काही सांगितलं नाही. सासूबाईंच्या शेजारी बसले आणि लूसीबाईंची ही सगळी गोष्ट त्यांनाच सांगितली, माकडासकट. मग माझी स्वतःची सांगितली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. त्यांचीही दोन लेकरं पोटातच गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. दिवाळीनंतर त्या सुनेला मुलगा झाला, अडीच किलोचा, सिझर न करता. सासूबाई स्वतः उभ्या राहून तिला गोळी गिळायला लावायच्या, असं आशाताई सांगत होत्या. आणि आता तिचं ताट सगळ्यांच्या बरोबरीनं वाढतात म्हणे. हे मात्र मी सांगितलेलं नव्हतं.